निरपराध्यांचे कैवारी सर आर्थर कॉनन डॉइल

शेरलॉक होम्स हें नांव ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा वाचनाची आवड असलेला मनुष्य आमच्या शहरांत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. त्याच्या चातुर्याच्या कथा मराठींत येऊन घरोघरीं पोंचल्या आहेत, आणि दुपारच्या मंद वेळीं दुकानाच्या गादीवर त्या वाचीत बसणारे व्यापारीही आम्हांस ठाऊक आहेत. परंतु त्या कल्पित शोधकाचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनीं आपला काळ, आपली लेखणी व पदरचा पैसा दोन खऱ्याखुऱ्या माणसांवरील खोटा कलंक धुऊन काढण्यांत खर्चिला, आणि त्या दोघांपैकीं एक मुंबईच्या पारशाचा पुत्र होता, हें मात्र फारच थोड्यांस माहीत असतें. आमच्या मतें डॉइल यांच्या चरित्रांतील हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, व तोच आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या काळच्या इंग्लंडांतील न्यायाची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या इंग्रजांनीं आपल्या न्यायाची थोरवी साऱ्या जगास ऐकविली, त्यांच्या स्वतःच्या घरीं १९०७ सालापर्यंत फौजदारी शिक्षेवर अपिलाचें कोर्टच नव्हतें. दिवाणी दाव्यांत व्यापाऱ्यास आपल्या पैशासाठीं वरच्या कोर्टाची पायरी चढतां येत असे. पण ज्यूरीनें एकदां दोषी ठरविलें म्हणजे स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं ती पायरी कोणास मोकळी नव्हती. कायद्याचा एखादा नाजूक मुद्दा निघाला, व न्यायाधीशाच्या मनांत आलें, तर वरिष्ठ न्यायाधीशांचें मत घेण्याची सोय १८४८ पासून होती. परंतु साक्षीदार चुकला, पुरावा पोकळ होता, असें म्हणावयास कोठेंच जागा नव्हती. राहतां राहिला गृहमंत्र्यांकडे दयेचा अर्ज. त्याचा विचार बंद दाराआड होई, व नकाराचें कारण कोणास कळत नसे. अपिलाचें कोर्ट असावें म्हणून पार्लमेंटांत साठ वर्षांत सुमारें तीस बिलें आलीं आणि पडलीं. विरोध करणाऱ्यांत पुष्कळसे खुद्द न्यायाधीशच होते. नवल हें कीं, त्याच इंग्रजांनीं हिंदुस्थानासाठीं केलेल्या १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टाकडे अपील करण्याचा हक्क होता. ज्यूरीपुढें चाललेल्या खटल्यांत तो कायद्याच्या मुद्द्यापुरताच असे हें खरें. तथापि जित देशांत जी वस्तु थोडीबहुत तरी होती, ती जेत्यांच्या मायदेशीं नव्हती.

डॉइल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. वडील चित्रकलेंत निपुण, पण मद्याच्या आहारीं गेलेले. त्यांचे अखेरचे दिवस वेड्यांच्या इस्पितळांत गेले. संसाराचा गाडा आईनें ओढिला. मुलगा एडिंबरो विद्यापीठांत वैद्यक शिकला. तेथील शिक्षक डॉक्टर जोसेफ बेल हे रोगी दारांतून आंत येतांच त्याचा धंदा, त्याचा प्रवास, त्याच्या संवयी नुसत्या निरीक्षणानें सांगत. होम्सचें बीज तें. शिक्षण चालूं असतांच डॉइल १८८० सालीं देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत जाऊन आले, व १८८२ सालीं साउथसी येथें त्यांनीं दवाखाना थाटला. रोगी कमी व वेळ फार, म्हणून गोष्टी लिहूं लागले. होम्सची पहिली कादंबरी १८८७ सालीं छापली गेली. तिचे सर्व हक्क त्यांनीं अवघ्या २५ पौंडांस विकून टाकिले होते. व्यापारी वाचकांनीं या सौद्याचा हिशेब आपल्या मनाशीं करावा. पुढें व्हिएन्ना येथें डोळ्यांच्या रोगांचा थोडा अभ्यास करून १८९१ सालीं ते लंडनांत नेत्रवैद्य म्हणून बसले. तेथें रोगी फिरकेनात. त्याच वर्षीं एका मासिकांत होम्सच्या लघुकथा येऊं लागल्या आणि डॉइल यांस वैद्यकाची गरज उरली नाहीं. परंतु त्या फसलेल्या धंद्याची विद्या सोळा वर्षांनीं एका निरपराध मनुष्याच्या कामीं यावयाची होती.

१९०२ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. पार्लमेंटच्या निवडणुकीस ते दोनदां उभे राहिले व दोन्ही वेळां पडले. १९०६ च्या जुलैंत त्यांची पत्नी क्षयाच्या दीर्घ दुखण्यानंतर वारली. मन कशांतच रमेना, अशा दिवसांत त्यांच्या हातीं जॉर्ज एदलजी याच्या खटल्याचे कागद पडले.

जॉर्जचे वडील शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. तरुणपणीं ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडांत गेले, धर्मोपदेशक झाले, व स्टॅफर्डशायर परगण्यांतील ग्रेट वर्ली या खाणींच्या गांवीं पाद्री म्हणून राहिले. पत्नी इंग्रज. काळ्या वर्णाचा पाद्री आपल्याला धर्म सांगतो हें त्या गांवांतील कित्येकांस रुचलें नाहीं. १८९२ पासून तीन वर्षें या कुटुंबास निनांवी शिवराळ पत्रें आलीं, कोणी त्यांच्या नांवानें खोट्या जाहिराती दिल्या, नको तो माल दाराशीं येऊन पडूं लागला. परगण्याच्या मुख्य पोलिस अधिकाऱ्यानें उलट पाद्रीसाहेबांच्या मुलावरच संशय घेतला. मुलगा मात्र अभ्यासू निघाला. बर्मिंगहॅम येथें सॉलिसिटर झाला, आणि रेल्वेच्या उतारूंचे हक्क समजावून देणारें एक लहानसें पुस्तकही त्यानें लिहिलें.

१९०३ च्या फेब्रुवारीपासून त्या गांवच्या शिवारांत कोणी नराधम रात्रीं घोडे, गाई व मेंढ्या यांचीं पोटें चिरूं लागला. पुन्हां निनांवी पत्रें सुरू झालीं. ऑगस्ट महिन्यांत खाणीच्या एका तट्टाची अशीच हत्या झाली आणि त्याच दिवशीं पोलिसांनीं जॉर्जला त्याच्या कचेरींतून धरून नेलें. पुरावा काय, तर घरांत सांपडलेला कोट, त्यावरील घोड्याचे केस, चिखलाचे बूट व वस्तरे. ज्या तट्टाच्या कातडीचा तुकडा पोलिसांनीं कापून घेतला होता, त्याच पोलिसांच्या ताब्यांत तो कोटही होता, याचा विचार करावा असें कोणास वाटलें नाहीं. फिर्यादी पक्षानें प्रथम गुन्ह्याची वेळ संध्याकाळची धरिली. जॉर्ज संध्याकाळीं चांभाराकडे गेला होता व साडेनवाच्या सुमारास घरीं परतला, हें ठरलें. आणि जखम इतकी जुनी नाहीं असें गुरांच्या डॉक्टरानें सांगितलें, तेव्हां गुन्हा पहांटेवर ढकलण्यांत आला. पण रात्रीं तो बापाच्या खोलींत निजत असे, दारास आंतून कुलूप असे, व बाप झोंपेचा हलका होता. बापानें शपथेवर हें सांगितलें. पाद्री असूनही त्याची साक्ष ज्यूरीस पटली नाहीं. पत्रें जॉर्जच्याच हातचीं आहेत असें एका हस्ताक्षरतज्ज्ञानें सांगितलें, तें मात्र पटलें. ऑक्टोबर १९०३ मध्यें सात वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. तो तुरुंगांत असतांही गुरें कापलीं जातच राहिलीं. तेव्हां पोलिसांनीं टोळीची कल्पना पुढें केली. दहा हजार लोकांनीं सही केलेला अर्ज गृहखात्यांत पडून राहिला. तीन वर्षें भरल्यावर, १९०६ च्या ऑक्टोबरांत, त्यास कांहीं एक कारण न देतां सोडण्यांत आलें. निर्दोष ठरविलें नाहीं, सनद परत दिली नाहीं. सुटलेला दोषी एवढीच त्याची पदवी.

डॉइल यांनीं त्यास लंडनांतील एका हॉटेलांत भेटीस बोलाविलें. स्वतः थोडे उशिरां पोंचले, तों हा तरुण वर्तमानपत्र डोळ्यांशीं अगदीं भिडवून, तेंही तिरकें धरून, वाचीत बसला होता. नेत्रवैद्यास एवढें पुरे झालें. ज्यास दहा पावलांवरचा मनुष्य नीट दिसत नाहीं, त्यानें पावसाळी अंधाऱ्या रात्रीं कुंपणें, चर व आगगाडीचे रूळ ओलांडून, पहाऱ्यावरील पोलिसांस चुकवून, मोकळ्या शेतांत उभें असलेलें जनावर गांठावें, हें अशक्य. त्यांनीं डोळ्यांची तज्ज्ञांकडून तपासणी करविली, जागेवर जाऊन ती वाट स्वतः चालून पाहिली, आणि ११ व १२ जानेवारी १९०७ रोजीं लंडनच्या डेली टेलिग्राफ पत्रांत सारी हकीकत छापली. लेखावर त्यांनीं कोणताही हक्क ठेविला नाहीं. ज्यास हवा त्यानें तो छापावा अशी मोकळीक दिली. वृत्तपत्राचा धंदा करणाऱ्या आम्हांस या एका गोष्टीचें विशेष मोल वाटतें. जो लेखक एकेका गोष्टीस शेंकडों पौंड घेऊं शके, त्यानें आपल्या लेखणीचें सर्वांत उपयुक्त फळ फुकट वाटलें.

देशभर गिल्ला झाला. गृहमंत्र्यांनीं तिघांची समिति नेमिली. तींतील एक गृहस्थ त्या मुख्य पोलिस अधिकाऱ्याच्या नात्यांतला होता! समितीनें मे महिन्यांत निकाल दिला. जनावरांच्या हत्येबद्दलची शिक्षा चुकीची ठरली, जॉर्जला माफी मिळाली. पण पत्रें त्यानेंच लिहिलीं असावींत, म्हणजे त्यानें हें संकट आपल्यावर आपणच ओढवून घेतलें, असें ठरवून भरपाई नाकारण्यांत आली. ज्यानें केलें नाहीं त्यास माफी कशाची, हा प्रश्न कोणाही शेतकऱ्याच्या पोरास सुचेल. त्या विद्वान समितीस तो सुचला नाहीं. सॉलिसिटरांच्या संस्थेनें त्यास पुन्हां आपल्या पटावर घेतलें, हें त्या संस्थेचें मत सरकारपेक्षां स्वच्छ होतें असें दाखवितें. १९३४ सालीं एका भलत्याच इसमानें आपण त्या पत्रांपैकीं कांहीं लिहिलीं होतीं असें कबूल केलें. तोंवर डॉइल हयात नव्हते.

त्या हस्ताक्षरतज्ज्ञाची आणखी एक करामत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. अॅडॉल्फ बेक नांवाच्या नॉर्वेजियन गृहस्थास १८९६ सालीं बायकांना फसविल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली होती, तींत अक्षर बेकचेंच असल्याची ग्वाही याच तज्ज्ञाची होती. खरा चोर स्मिथ या नांवानें १८७७ सालीं शिक्षा झालेला दुसराच मनुष्य होता. स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. ही गोष्ट १८९८ सालीं गृहखात्याच्या नजरेस आली, आणि खात्यानें काय करावें? बेकचा तुरुंगांतील नंबर बदलला. १९०४ सालीं बेकला पुन्हां त्याच आरोपावर दोषी ठरविण्यांत आलें. शिक्षा सांगावयाची बाकी असतां खरा चोर दैवयोगानें हातीं लागला, म्हणून तो सुटला. बेकच्या प्रकरणानें सुरुंग पेरला होता, त्यास एदलजी प्रकरणानें बत्ती दिली. १९०७ च्या ऑगस्टांत फौजदारी अपिलाचा कायदा मंजूर झाला व पुढच्या वर्षीं कोर्ट सुरू झालें. जें तीस बिलांनीं झालें नाहीं तें दोन निरपराध्यांच्या हालांनीं झालें. मात्र हा कायदा पूर्वीं शिक्षा झालेल्यांस लागू नव्हता, आणि स्कॉटलंडासही नव्हता.

स्कॉटलंडास तो नसल्याची किंमत ऑस्कर स्लेटर या जर्मन यहुद्यानें भरली. २१ डिसेंबर १९०८ रोजीं ग्लासगो शहरीं गिलख्रिस्ट नांवाच्या एका श्रीमंत वृद्ध कुमारिकेचा तिच्या राहत्या घरीं खून झाला. मोलकरीण वर्तमानपत्र आणावयास दहा मिनिटें बाहेर गेली होती. ती परत आली तों आवाज ऐकून शेजारी दाराशीं आलेला, आणि दोघांच्या देखत एक मनुष्य घरांतून शांतपणें बाहेर पडून जिना उतरून गेला. हिऱ्यांची एक पिन तेवढी नाहींशी झाली होती. स्लेटर हा जुगारी. त्यानें एका हिऱ्याच्या पिनेची गहाणचिठ्ठी विकावयास काढिली होती व तो खोट्या नांवानें अमेरिकेस निघाला होता. पोलिसांस एवढें बस झालें. ती पिन खुनाच्या आधीं कित्येक आठवडे गहाण पडली होती, म्हणजे मूळ धागाच तुटला, तरी खटला चालूंच राहिला. साक्षीदारांस ओळख पटविण्यापूर्वीं त्याचा फोटो दाखविण्यांत आला. बिचारा स्लेटर आपण निर्दोष आहों या भरंवशावर न्यूयॉर्कहून आपखुषीनें परत आला! मे १९०९ मध्यें एडिंबरो येथें पंधरा ज्यूरींपैकीं नऊ जणांनीं त्यास दोषी म्हटलें, पांचांनीं आरोप शाबीत नाहीं म्हटलें, एकानें निर्दोष म्हटलें. स्कॉटलंडांत बहुमत पुरतें. फांशीच्या अवघे दोन दिवस आधीं ती शिक्षा जन्मठेपेंत बदलली, व तो पीटरहेडच्या तुरुंगांत दगड फोडूं लागला.

डॉइल यांस स्लेटरची चालचलणूक मुळींच पसंत नव्हती. एदलजी सभ्य घरचा होता, त्याचा कैवार घेणें सोपें. जुगाऱ्याचा कैवार घेणें ही खरी परीक्षा होय. १९१२ सालीं त्यांनीं या खटल्यावर छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलें. खुन्यानें दागिने सोडून कागदांची पेटी फोडली होती, तेव्हां तो चोरीस नव्हे तर कागद शोधावयास आला असावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९१४ सालीं ग्लासगोच्याच पोलिसांतील ट्रेंच नांवाच्या अधिकाऱ्याचें मन त्यास स्वस्थ बसूं देईना. मोलकरणीनें खुनाच्या रात्रींच दुसऱ्या एका ओळखीच्या इसमाचें नांव घेतलें होतें व तो पुरावा दडपण्यांत आला, असें त्यानें उघड केलें. सरकारनें चौकशी केली ती बंद दाराआड, साक्षीदारांस शपथ न घालतां. स्लेटर होता तेथेंच राहिला. ट्रेंचची नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षीं चोरीचा माल ठेवल्याचा आरोप ठेवून त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. तो निर्दोष सुटला, युद्धावर गेला, १९१९ सालीं वारला. आपला सूड नियतीनें घेतलेला पाहण्यास तो उरला नाहीं. या साऱ्या प्रकरणांत आम्हांस सर्वांत पूज्य वाटतो तो हा साधा अंमलदार. डॉइल यांच्या मागें कीर्ति व पैसा होता. ट्रेंचच्या मागें बायकामुलें होतीं.

१९२५ सालीं सुटून जाणाऱ्या एका कैद्यानें स्लेटरचा चिठोरा तोंडांत दडवून बाहेर आणिला. त्यांत डॉइल यांनीं आपणांस विसरूं नये एवढीच विनवणी होती. डॉइल तेव्हां पासष्टी ओलांडलेले. त्यांनीं पुन्हां सरकारास, पत्रकारांस, पुढाऱ्यांस पत्रें धाडलीं. एका पत्रकारानें लिहिलेलें नवें पुस्तक स्वतः प्रसिद्ध केलें. नोव्हेंबर १९२७ मध्यें साडेअठरा वर्षांनीं स्लेटर बाहेर आला. स्कॉटलंडास अपिलाचें कोर्ट १९२६ सालीं मिळालें होतें, पण जुन्या शिक्षांस तें बंद; म्हणून एकट्या स्लेटरसारख्यांसाठीं पार्लमेंटास खास कायदा करावा लागला. जुलै १९२८ मध्यें शिक्षा रद्द झाली. कशावर? तर न्यायाधीशानें ज्यूरीस स्लेटरच्या वाईट चालीविषयीं चुकीची समज दिली, या एकाच मुद्द्यावर.

सहा हजार पौंड भरपाई मिळाली, आणि येथें एक अप्रिय प्रसंग घडला. अपिलाच्या खर्चाची हमी डॉइल यांनीं घेतली होती; तो खर्च भरपाईंतून द्यावा असें त्यांचें म्हणणें, तर सरकारनें छळलें त्याचा खर्च मीं कां द्यावा असें स्लेटरचें. दोघांत कायमचें वितुष्ट आलें. स्लेटरला कृतघ्न म्हणणारे पुष्कळ निघाले. साडेअठरा वर्षें ज्याचीं चोरलीं गेलीं त्याच्याकडून शिष्टाचाराची अपेक्षा करणारांत आम्ही नाहीं. पण डॉइल यांचा राग समजण्यासारखा होता हेंही आम्हांस मान्य आहे.

डॉइल यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. एदलजीस सोडवितांना त्यांनीं दुसऱ्याच एका इसमास गुन्हेगार ठरवून सरकारास कळविलें, आणि तो पुरावा पोलिसांच्या पुराव्याहून फारसा बळकट नव्हता. मुलगा व भाऊ गमावल्यानंतर ते परलोकविद्येच्या नादीं पूर्ण लागले. दोन मुलींनीं काढलेले पऱ्यांचे बनावट फोटो त्यांनीं खरे मानिले. कोटावरचा केस तपासणारी ती दृष्टि तेथें कोठें गेली, कोण जाणे!

पण त्यांनीं दाखविलेली उणीव खोटी नव्हती. अपिलाचें कोर्टही चुकतें हें इंग्लंडास पुन्हां कळावें लागलें. बाँबस्फोटांच्या आरोपावरून धरलेले बर्मिंगहॅमचे सहा इसम सोळा वर्षांनीं १९९१ सालीं निर्दोष सुटले, त्यानंतर १९९५ च्या कायद्यानें संशयास्पद शिक्षांची फेरतपासणी करणारें स्वतंत्र मंडळ निघालें व १९९७ पासून कामास लागलें. तें बसविलें तेंही बर्मिंगहॅम शहरीं, जेथें जॉर्ज एदलजीची कचेरी होती. स्कॉटलंडास तसें मंडळ १९९९ सालीं मिळालें. आमच्या देशांत सुप्रीम कोर्टानें १९८३ सालीं बिहारच्या एका इसमास निर्दोष ठरल्यावरही चौदा वर्षें डांबून ठेवल्याबद्दल पस्तीस हजार रुपये देवविले. २०१८ सालीं विधि आयोगानें आपल्या २७७ व्या अहवालांत खोट्या खटल्यांत भरडलेल्यांस भरपाई मिळण्याचा कायदेशीर हक्क असावा, अशी शिफारस केली. २०२३ सालीं फौजदारी कार्यपद्धतीची नवी संहिता झाली. तींत तो हक्क शोधूं गेल्यास विनाकारण अटक करविल्याबद्दल एक हजार रुपयांपर्यंतची जुनी तरतूद तेवढी हातीं लागते. एक हजार रुपयांत आज मनुष्याची किती दिवसांची मजुरी भरून निघते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

७ जुलै १९३० रोजीं डॉइल वारले. स्लेटर १९४८ पर्यंत जगला. १९०७ सालीं डॉइल यांनीं दुसरा विवाह केला तेव्हां निमंत्रितांत जॉर्ज एदलजी होता. त्यानंतर तो लंडनाकडे वकिली करीत राहिला, बहिणीसह शांतपणें जगला, आणि १९५३ सालीं वारला. तीन वर्षांच्या सक्तमजुरीबद्दल सरकारकडून एक पैही त्यास अखेरपर्यंत मिळाली नाहीं.